दारावरचा आकडा

मास्तरांनी आयुष्यात एकही कापड बरोबर मापाला कापलं नाही. माप अचूक घ्यायचे, त्यात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. पण कात्री चालायची ती खुणेच्या बाहेरून, दोन बोटं सोडून. शिवणीच्या आत राहणाऱ्या त्या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. माया असली की उद्या गिऱ्हाईक जाड झालं तरी कपडा उसवून मोठा करता येतो. नसली तर शिंपी आणि गिऱ्हाईक दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

कापडापुरतं हे शहाणपण ठीकच होतं. पण मास्तर सगळ्याच गोष्टींत माया ठेवायचे. बटणवाल्याकडून चाळीस डझन बटणं हवी असली की पन्नास सांगायचे, कारण तो चाळीसच आणणार हे त्यांना ठाऊक. सातला कुठे जायचं असलं तर बायकोला साडेसहा सांगायचे. ती बिचारी सव्वासहालाच तयार होऊन बसायची आणि पुढचा पाऊण तास त्यांच्या नावानं शंख करायची, ते सोडा. "माणूस सांगितल्यापेक्षा कमीच करतो," हे मास्तरांचं ठाम मत. एकोणसाठ वर्षांत त्यांना याच्या उलट पुरावा मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो शोधलाही नव्हता.

त्यांचा गाळा होता मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी. काचेवर लिहिलं होतं, 'आल्टरेशन. लांबी, कंबर, चेन. तासाभरात.' बारा वर्षांपूर्वी रस्त्यावरचं वडिलांच्या वेळचं दुकान विकून त्यांनी हा गाळा घेतला होता. पक्का विकत नव्हे, दर तीन वर्षांनी करार नवा करायचा. बायको तेव्हाच म्हणाली होती, "अहो, रस्त्यावरचं दुकान येता-जाता दिसतं. हे दिसायला माणसाला आधी दार उघडून आत यावं लागणार." मास्तर म्हणाले, "तुला काय कळतंय?" नवरे जे म्हणतात तेच.

आणि सुरुवातीला मास्तरांचंच खरं झालं की! खालच्या मजल्यावर कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं. माणसं तिथून पँट घेत, पायघोळ निघाली की सरकत्या जिन्यानं वर मास्तरांकडे. शनिवार-रविवारी चाळीस-चाळीस पँटा. मास्तरांच्या तोंडात टाचण्या आणि गळ्यात टेप, मान वर करायला फुरसत नाही. बायको डबा घेऊन आली की तिलाच काजं-बटणं करायला बसवायचे.

मग लोक घरबसल्या कपडे मागवायला लागले. ते कपडे अंगाला बसत नसत, पण लोक ते परत पाठवत, मास्तरांकडे आणत नसत. मोठं दुकान आवरलं. जाताना त्यांनी सगळं नेलं, फक्त एक हात नसलेला पुतळा काचेमागे विसरून गेले. तो तसाच उघडाबोडका उभा. मग बूटवाले गेले, मग पुस्तकवाले, मग सिनेमाचे पडदे. कारंज्यातलं पाणी काढून त्यात कुंड्या ठेवल्या, मग कुंड्याही गेल्या. सरकता जिना सरकायचा थांबला आणि नुसता जिना झाला, तोही उंच पायऱ्यांचा. एकशे दहा गाळ्यांपैकी एकोणीस उघडे राहिले. त्यात चष्मेवाले होते, घड्याळं दुरुस्त करणारा होता, पोराबाळांची खेळणी विकणारी ताई होती, आणि पाच पँटा दिवसाला मिळाल्या की खूश होणारे आपले मास्तर.

गिऱ्हाईक नव्हतं, पण सकाळी आठ ते दहा माणसं मात्र असायची. गुडघेदुखीची, शुगरची, बायपासवाली. बाहेर फुटपाथ उखडलेला आणि आत गुळगुळीत सपाट फरशी, डोक्यावर छप्पर. ही साठेक म्हातारी मंडळी मॉलमध्ये फेऱ्या मारायची आणि एक रुमालही विकत न घेता घरी जायची.

करार संपायला दोन महिने उरले तेव्हा मास्तरांची झोप उडाली. दुसरीकडे नवीन दुकान मांडायचं हे वय नाही. घरात दोन खोल्या. त्यांचं जाड कापडाचं मशीन, त्याचं टेबल आणि इस्त्रीचा ओटा तिथे मावणं शक्य नाही. गाळा गेला की मास्तर घरी बसले, सरळ हिशेब. आणि घरी बसलेला मास्तर म्हणजे नुसता म्हातारा. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मॉलची मॅनेजरबाई तिशीची होती, गरीब स्वभावाची. तिच्या गणवेशाच्या पँटची लांबी मास्तरच करायचे. एका दुपारी ती पँट न्यायला आली तेव्हा मास्तरांनी आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग तिच्या आईची तब्येत विचारली. ती हसली. "मास्तर, ताकाला येऊन भांडं का लपवताय? कराराचं विचारायचंय ना?"

"तेच हो मॅडम."

तिनं मागे वळून बघितलं. कॉरिडॉरमध्ये त्या पुतळ्याशिवाय कुणी नव्हतं. "माझं नाव कुठे घेऊ नका. मालक कंपनीचे असे सहा मॉल आहेत. तिथली माणसं इथे येऊन बघत नाहीत, आकडा बघतात. मोठ्या दारावर ते काळं यंत्र आहे ना, आत येणारं प्रत्येक माणूस मोजतं. पुढच्या महिन्याची रोजची सरासरी तीन हजार आली तर सगळ्यांचे करार तीन वर्षांसाठी वाढणार. नाही आली तर कुलूप."

"आता किती येतात?"

"अकराशे. त्यात ते म्हातारे."

मॅनेजरबाई पँट घेऊन गेली आणि मास्तर मशीनपुढे बसून राहिले. यंत्र माणसं मोजतं. माणूस कोण, कशाला आला, काही विकत घेतलं का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तेच माणूस पुन्हा आलं तरी ते आपलं एक वाढवतं. मास्तर उठले आणि थेट मोठ्या दारावर गेले.

दारावरच्या पहारेकऱ्याला सगळे सेनापती म्हणायचे. फौजेत तो कधी नव्हता, पण मिश्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायची सवय होती. मास्तरांनी त्याला विचारलं, "मी या दारातून आत आलो, पार्किंगच्या दारानं बाहेर पडलो, आणि परत इथून आत आलो, तर?"

"तर तुम्ही दोन," सेनापती म्हणाला. "मी दिवसातून चहाला सहा वेळा जातो. अकराशेतले सहा मीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी खाण्याचे स्टॉल होते त्या रिकाम्या टेबलांवर, मास्तरांनी एकोणीस गाळ्यांची माणसं जमवली. मॅनेजरबाईचं नाव न घेता सगळं सांगितलं. "आतून समजलंय," एवढंच म्हणाले. चष्मेवाल्यानं विचारलं, "आकडा किती पाहिजे पण?"

आता इथे मास्तरांनी समोर बसलेल्यांकडे बघितलं. चष्मेवाला, ज्याचं दुकान अकराच्या आत कधी उघडलं नाही. घड्याळवाला, जो स्वतः कधी वेळेवर आला नाही. यांना तीन हजार सांगावं तर हे दोनवर दम टाकणार.

"साडेचार हजार," मास्तर म्हणाले.

कुणीतरी शिट्टी मारली. "अबब!" घड्याळवाला म्हणाला, "मेलो."

"मेलो काय? दिवसाला तीस फेऱ्या प्रत्येकी. तुझं पोटही कमी होईल."

आणि एक तारखेपासून लागली की मंडळी कामाला. मोठ्या दारानं आत, कोरड्या कारंज्याला वळसा, पार्किंगच्या दारानं बाहेर, इमारतीच्या कडेनं पुन्हा मोठं दार. एका फेरीला सहा मिनिटं. दुकानावर एकानं बसायचं, दुसऱ्यानं फिरायचं. सकाळच्या म्हाताऱ्यांना चष्मेवाल्यानं पटवलं. "आतल्या आत काय फिरता, थोडी बाहेरची हवा पण खा ना!" त्यांना खरं कारण कळल्यावर तर त्यांना जोरच चढला. एक बायपासवाले आजोबा रोजच्या फेऱ्या वहीत लिहायला लागले आणि दुसऱ्या आजोबांच्या वहीत डोकवायला लागले.

मास्तरांची बायको पण आली. तिचे गुडघे गेलेले, पायऱ्या उतरताना तोंडातून "आई गं" निघायचं. मास्तर म्हणाले, "तू राहू दे." ती म्हणाली, "का? यंत्र काय गुडघे बघून मोजतं?" आणि पदर खोचून निघाली. बारा वर्षांपूर्वी ज्या दाराला तिनं नावं ठेवली होती त्याच दारातून ती दिवसाला पंचवीस वेळा आत येऊ लागली.

सेनापतीच्या खोलीत एक लहान पडदा होता, त्यावर दिवसाचा आकडा दिसायचा. संध्याकाळी तो मास्तरांना सांगायचा, मास्तर सगळ्यांना. तिसऱ्या दिवशी दोन हजार शंभर. सातव्या दिवशी दोन हजार नऊशे. दहाव्या दिवशी तीन हजार एकशे चाळीस.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आकडा ऐकून ते सेनापतीच्या स्टुलावरच बसले. गाळा राहणार. मशीन जागच्या जागी राहणार. पण वर जाऊन त्यांनी आकडा सांगितला तेव्हा सगळ्यांची तोंडं पडली.

"अजून तेराशे साठ?" खेळणीवाली ताई म्हणाली. "कुठून आणायचे?"

तिथे मास्तरांना खरं सांगता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण महिना अजून वीस दिवस होता, आणि सुरुवातीच्या कमी दिवसांची भरपाई व्हायची होती. खरं सांगितलं की हे उद्यापासून ढिले पडतील. पुन्हा आपण आहोत तिथेच. जास्त झालं म्हणून कुणाचं काय जातंय? जास्तीचं आत दुमडता येतं. ते म्हणाले, "होईल. जरा नेट लावा."

आणि त्यांनी खरंच नेट लावला. चष्मेवाल्यानं मेव्हण्याचं सगळं घर आणलं. घड्याळवाला चक्क सकाळी आठला हजर व्हायला लागला. आणि खेळणीवाल्या ताईनं आईला आणलं. आई दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत, अर्धं अंग लुळं. ताई तिला ढकलत फेऱ्या मारायची. पार्किंगच्या उतारावर खुर्ची धरून ठेवताना तिच्या हाताच्या शिरा फुगायच्या. सुरुवातीला आई कुरकुरली, मग तिला मजा वाटायला लागली. प्रत्येक वेळी मोठ्या दारातून आत येताना ती सेनापतीला चांगला हात वर करून सलाम करायची, म्हणजे ज्या हाताला जीव होता तो. दिवसाला तीस फेऱ्या. संध्याकाळी ताई दुकानातल्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या मनगटांना बाम चोळायची. मास्तर हे वरून, जिन्याच्या कठड्याशी उभे राहून बघायचे. एकदा त्यांच्या मनात आलं, खाली जावं आणि हिला तरी सांगावं. पण एकीला सांगितलं की एकोणिसांना कळणार. ते आत गेले आणि मशीन चालू केलं.

महिना संपला तेव्हा सगळे दिवस धरून सरासरी आली चार हजार पाचशे साठ. शेवटच्या आठवड्यात तर रोजचे सात हजार ओलांडले होते. वरच्या मजल्यावर अशी काही ओरड झाली की सेनापती धावत आला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यानं मास्तरांना उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेत लचक भरून घेतली. मास्तरांना तर भरून आलं. माणसं सांगितल्यापेक्षा जास्त करतात हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

बारा दिवसांनी मॅनेजरबाईनं सगळ्यांना त्याच टेबलांवर बोलावलं. तिच्या हातात कागद होता आणि चेहरा उतरलेला. मास्तरांची बायको डबा घेऊन आली होती, तीही मागे बसली.

"कंपनीनं इमारत देऊन टाकली," मॅनेजरबाई म्हणाली. "सगळीच्या सगळी. एक फर्निचरवाले आहेत, त्यांना असं एकच मोठं दुकान काढायचंय. त्यांची अट होती, जिथे रोज चार हजारांच्या वर माणूस येतं तीच जागा हवी. सहा मॉलमध्ये ती अट फक्त आपल्या मॉलनं पुरी केली. तुम्हाला साठ दिवस मिळतील."

कुणाला काही समजेना. घड्याळवाला म्हणाला, "पण आकडा तर आपण भरला!"

"आकड्यावरूनच झालं ना. एवढी माणसं येतात आणि एकोणीस दुकानांत विक्री नाही, म्हणजे जागा उत्तम आहे आणि दुकानदार कुचकामी आहेत, असं लिहिलंय त्यांनी." तिनं कागद खाली ठेवला. "शेजारच्या गावातल्या मॉलची सरासरी तीन हजार दोनशे आली. त्यांचे करार वाढले. आपल्यालाही तेवढीच हवी होती. तीन हजार. मी सांगितलं होतं ना मास्तर तुम्हाला?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तीर सुटला होता. एकोणीस गाळ्यांची तोंडं मास्तरांकडे वळली.

"तीन?" चष्मेवाला म्हणाला. "तुम्ही साडेचार सांगितलंत."

मास्तरांचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे गेला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तीन सांगितलं तर तुम्ही दोनच आणाल."

"वा मास्तर!" घड्याळवाला म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हात आमचे दाखवलेत हो तुम्ही!" चष्मेवाल्यानं खुर्ची मागे ढकलली, मॅनेजरबाईनं कागदात डोकं घातलं. खेळणीवाल्या ताईच्या शेजारी आई खुर्चीत होती, आणि काय चाललंय ते न समजून प्रत्येकाकडे बघून हसत होती.

"दहाव्या दिवशी तीन हजार झाले होते," ताई म्हणाली. "तुम्हीच येऊन सांगितलंत. आईला मी अकराव्या दिवसापासून आणलं."

"हो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही वरून बघत होता. मी पाहिलंय तुम्हाला."

मास्तरांना खाली बघायचं होतं, पण मान वळेना. "मला खरंच वाटलं नव्हतं की तुम्ही सगळे याल," ते म्हणाले.

"आलो होतो ना, मास्तर," ताई म्हणाली. "सगळे आलो होतो."

ताईनं आईच्या खुर्चीचा ब्रेक सोडला आणि ती लिफ्टकडे गेली. एकेक करत बाकीचे उठले. जाताना कुणी मास्तरांना शिवी दिली नाही, आणि तेच जास्त लागलं. मॅनेजरबाई "माफ करा" म्हणाली, कुणाला ते समजलं नाही. खुर्च्यांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि मग मास्तर आणि त्यांची बायको दोघंच उरली.

बायको बोलेल, असं मास्तरांना वाटलं. बारा वर्षं तिनं साठवलेलं आज सगळं निघेल, आणि निघावंच, असंही वाटलं. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत त्यांच्या समोर येऊन बसली आणि डबा उघडला.

"तुला तरी खरं सांगायला हवं होतं," मास्तर म्हणाले.

"हवं होतं," ती म्हणाली. "मला साडेसहा सांगता ते समजतं मला. लग्न झाल्यापासून समजतं. तरी तयार होऊन बसते ना मी?"

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही. एवढ्या वर्षांत ही बाई आपल्या दुकानाचं वाईट चिंतते असं ते धरून चालले होते. आणि तिनं महिनाभर, गेलेल्या गुडघ्यांनी, सातशेपन्नास वेळा ते दार ओलांडलं होतं.

"ताईकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "पाया पडतो तिच्या."

"आज नको. आज तिला चिडू द्या, तिचा हक्क आहे तो. उद्या सकाळी जा. आणि पाया-बिया काही पडू नका, उगाच नाटकं. दोनशे खोकी आहेत तिची, ती उचलू लागा."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तर परवा जा," बायको म्हणाली, आणि भाजीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "साठ दिवस आहेत."